मिसेस बाई, मुक्काम रिजायना

इंदोरा, नागपूर
६ जानेवारी १९८०

उत्तराच्या आईस,

सप्रेम जयभीम.

तुझी तीन पत्रं भेटली. उत्तर दिलं नाही. तुझी पत्रं उत्तरा लिहिते आणि माझी तीच तुले वाचून दाखवते. पोरीच्या तोंडानं बायकोले बोलणं मले जमत नाही. पण परवा चौथं पत्र आलं, त्यात लिहिलं आहे की तू सही केली. म्हणून आज लिहायले बसलो.

गेल्या एप्रिलात तू कॅनडाले, रिजायनाले गेली ती उत्तराच्या बाळंतपणासाठी. पाहुणी म्हणून गेली असती तर तीन महिन्यांत परत यावं लागलं असतं, म्हणून जावयांनी तुझा तिकडच्या वस्तीचा कागद करून घेतला. मले म्हणाले, "बाबा, नुसती सोय आहे. पोट्टं जरा मोठं झालं की आईले आणून सोडतो." मी हो म्हणालो. दिवाळीच्या आधी तार आली, की तुझ्या दोन्ही किडन्या बसल्या आणि तुले रक्त धुवायच्या मशीनवर घेतलं. मग उत्तराचं पत्र आलं, काळजी करू नका, आईचं इथलं सरकारी विम्याचं कार्ड आहे, सारं त्यात होते. खोटं नाही सांगत, त्या दिवशी त्या न पाहिलेल्या कार्डाले मी हात जोडले.

आता कळलं की ते कार्ड दरवर्षी नवं करावं लागते. आणि नवं करताना सरकार विचारते, तुम्ही इथं कायमच्या आहात काय, परत जायचा विचार आहे काय. तू लिहून दिलं, कायमची आहे, विचार नाही.

मले विचारलं काय?

कायम म्हणजे काय ते तुले माहीत आहे. मी पॉवर हाउसमध्ये कायम झालो तेव्हा तू अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. मिलमध्ये होती तेव्हा तुझ्याजवळही कामगार विम्याचं कार्ड होतं. विम्याच्या दवाखान्यात जायची, लाल औषधाची बाटली भरून आणायची आणि सांजेले घरी यायची. त्या कार्डापायी कोणी तुले घर सोडून दे असं म्हटलं नव्हतं.

घरात बसवत नाही. साऱ्या घराले चुना मारून झाला. संडासाचं दार बदललं. आता आंगणातली फरशी उखडून ठेवली आहे, ती काहून उखडली ते मलेच सांगता येत नाही. सकाळी उठलो की कोराडीच्या पॉवर हाउसची बस पकडतो. गेटसमोर चहा पितो. पहिली शिफ्ट आत जाते, पोट्टे विचारतात, "काका, तुम्ही तं रिटायर झाले ना?" मग दुसऱ्या बसनं परत येतो, अंगावर राख घेऊन. सिंधू म्हणते, "दादा, एका जागी बस बाप्पा, मले भोवळ येऊन राहिली." माझी विधवा बहीण आहे म्हणून दोन वेळचं जेवण भेटते, नाही तर तेही नसतं.

उत्तरा, हे पुढचं मोठ्यानं वाचू नको. आईले विचार, तिले घरी यायचं आहे की नाही. ती जे बोलेल ते जसंच्या तसं लिही. तुझ्या नर्सच्या भाषेत नको.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
२३ मार्च १९८०

उत्तराच्या आईस,

सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर उत्तरानं जसंच्या तसं लिहिलं. "यायचं आहे. पण जिती यायचं आहे." तीन-चार दिवस ते पत्र खिशात घेऊन फिरलो.

मग गल्लीतला कंपाउंडर म्हणाला, तशी मशीन तं आपल्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यालेही आली म्हणतात. मी लगेच सायकल काढली. रस्ताभर मनात तुझी खाट कुठं टाकायची ते ठरवत गेलो. समोरच्या खोलीत टाकायची, म्हणजे तुले रस्ता दिसेल, येणारा-जाणारा दिसेल.

मेडिकलमध्ये या दालनातून त्या दालनात गेलो. शेवटी एक डॉक्टर भेटले, तरुणच होते, हातात अर्धी पोळी होती. जेवता जेवता माझं ऐकून घेतलं.

"पेशंट कुठं आहे?"

"कॅनडात."

"मशीनवर आहे?"

"आठवड्यातून तीनदा."

"मग इथं काहून आणता, काका?"

मी म्हणालो, "घर इथं आहे ना."

त्यांनी पोळी खाली ठेवली. म्हणाले, "हे पाहा, आमच्याजवळ जे आहे ते अडीअडचणीले चार दिवस निभावण्यापुरतं आहे. जन्मभर आठवड्यातून तीनदा, असं इथं कोणाचंच होत नाही. मुंबईले होते, पण तिथं मोठी रांग आहे, आणि रांगेत माणूस टिकत नाही. तिथं सरकार करून राहिलं ना? मग तिले तिथून हलवू नका."

मी विचारलं, "आणि हलवली तर?"

"किती दिवस ते मले सांगता येणार नाही. पण दिवसच म्हणतो मी. महिने नाही."

खाली आलो तर स्टँडवर आपली सायकल कोणती ते आठवेना. सायकलवाल्यानं शोधून दिली.

तर तू तिथंच राहा. मी पुन्हा ये म्हणणार नाही.

पण उत्तरानं जे लिहिलं, की बाबा, तुम्हीही या, तुमचाही वस्तीचा कागद करू, तुम्हालाही कार्ड भेटेल, त्याले माझा नकार आहे. उत्तरा, हे नीट वाचून दाखव. ज्या देशाले मी एक दिवसाचं काम दिलं नाही, त्या देशातल्या लोकांच्या कष्टावर माझ्या बायकोचं रक्त धुतल्या जाते. त्यानंच माझी मान खाली जाते. मी अजून येऊन तिथं दुसरं कार्ड मागू? आणि दिवसभर करू काय? जावयाच्या घरात खिडकीजवळ बसून बर्फ पाहू? आयुष्यभर बॉयलरसमोर उभा राहिलेला माणूस आहे मी.

हे रागानं लिहिलं असं समजू नको.

रागानंच लिहिलं आहे. पण तुझ्यावर नाही.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
७ सप्टेंबर १९८०

उत्तराच्या आईस,

सप्रेम जयभीम.

मौद्याच्या वैद्याकडून पुड्या आणून पाठवल्या होत्या, त्या उत्तरानं फेकून दिल्या आणि मले चार ओळींचं रागाचं पत्र लिहिलं. बरं झालं फेकल्या. त्या वैद्याच्या दुकानात बसलो होतो तेव्हाच मले वाटलं होतं, याले काही कळत नाही. तरी घेतल्या.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवर ती युक्रेनची म्हातारी असते, तिच्याविषयी तू लिहिलं ते सिंधूले वाचून दाखवलं. तिनं जन्मभर त्या थंडीत गहू पिकवला, आणि तू तिले तुझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, मी इथं कधी काम केलं नाही, तरी तुमच्या विम्यातून सारं घेते, तुम्हाले राग येते काय? ती म्हणाली, माझी आई या देशात आली तेव्हा तीही म्हातारीच आली होती.

म्हणजे हे तू मलेच ऐकवून राहिली आहे, ते समजलं. तिले माझा जयभीम सांगजो. पण माझं मत तेच आहे.

इकडे विहारात जाणं बंद केलं. जो तो विचारते, वहिनी कधी येणार? एकानं तर विचारलं, "काय आनंदराव, काही भांडण-गिंडण झालं काय?" मी त्याले काय बोललो ते लिहित नाही. सिंधूनं मध्ये पडून घरी आणलं. आंगणात फरशी बसवली, उतार उलटा झाला, पावसाचं पाणी घरात आलं. पुन्हा उखडली.

किडन्यांपायी तू संत्रं खात नाही, केळं खात नाही, पाणीही मोजून पिते असं उत्तरानं लिहिलं. तेव्हापासून सिंधू घरात संत्री आणत नाही. मी काही म्हटलं नव्हतं तिले.

दोन महिने तुझं पत्र नव्हतं तेव्हा काय वाटलं ते लिहायचं होतं. आता राहू दे.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
११ जानेवारी १९८१

उत्तराच्या आईस,

सप्रेम जयभीम.

तुझ्या हातचं पत्र भेटलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी ते पहिले फोडलंच नाही. तुले सही येत होती, बसच्या पाट्या वाचता येत होत्या, पण एवढं लिहिता येते हे मले माहीत नव्हतं. मशीनवर डाव्या हातात सुया आणि उजव्या हातानं अक्षरं गिरवते, असं उत्तरानं एकदा लिहिलं होतं. मले वाटलं, पोरगी माझं मन राखायले लिहिते.

तू लिहिलं आहे की हे पत्र उत्तराले माहीत नाही. नव्या सालाच्या कार्डाचा कागद आला, तो तू उशीखाली ठेवला, सही केली नाही, करणार नाही. मशीनले कंटाळली. हाताची शीर दोरखंडासारखी फुगली. दसऱ्याले आपल्या दीक्षेले पंचवीस वर्षं होतात, तो दिवस नागपुरात पाहायचा, मैदानावर बसायचं, आणि मग परत जायचं नाही. जे होईल ते आपल्या घरी होऊ दे. शेवटी लिहिलं, "तुम्हीच म्हणत होते ना, ये."

मी काय केलं ते सांगतो. तुझी पेटी उघडली, लुगडी काढून उन्हात टाकली. समोरच्या खोलीतली खाट ओढून खिडकीजवळ नेली. सिंधूले म्हणालो, "ती येऊन राहिली." ती चूल सोडून बाहेर आली, लुगडी पाहिली, खाट पाहिली.

"दादा, अन् मग?"

"मग काय?"

"मग तिचं रक्त कोण धुणार? तू?"

मी खाटेवर बसलो. ती परत आत गेली आणि भांडी आपटत राहिली.

तू एकदा तिथून पाय काढला की संपलं. जावयांनी मागेच मले समजावून लिहिलं होतं. वस्ती मोडली की कार्ड मोडते, आणि दुसऱ्यांदा वस्ती मागायले गेली तर तुझी डॉक्टरी तपासणी करतील. या किडन्या घेऊन तुले कोणी आत घेणार नाही. म्हणजे कार्डावर सही न करणं म्हणजे काय ते तुले कळते आणि मलेही कळते. आपण दोघंही अडाणी नाही.

दीक्षेच्या दिवशी उत्तरा माझ्या खांद्यावर होती आणि तू माझ्या शर्टाचं टोक धरून होती, गर्दीत चुकू नये म्हणून. दसऱ्याले मैदानावर लाखो लोक येतील. तू नसली तरी दिवस साजरा होईल. तू जगातच नसली तर माझा एकही होणार नाही.

म्हणून सांगतो, सही कर. कायम लिहायचं तर कायम लिही, मोठ्या अक्षरात लिही. मी ते एकदा मनाले लावून घेतलं, आता घेत नाही.

आणि इथं खाटेवर बसून तुले राहा म्हणणं मले सोपं आहे. मशीनवर तू बसते. म्हणून मी येतो. उत्तराले सांग, बाबा येतो म्हणाले, माझा जो काय कागद करायचा तो कर. खिडकीजवळ बसून बर्फ पाहायचा तर पाहीन.

हे पत्र उत्तराले वाचायले देजो. तिच्यापासून हे लपवायचं नाही.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
१४ जून १९८१

उत्तराच्या आईस,

सप्रेम जयभीम.

तू सही केली आणि कार्ड आलं, हे वाचून बरं वाटलं. आता माझं ऐक. उत्तराले फोनवर कळलंच आहे, पण तुले मी सांगतो.

वस्तीच्या कागदासाठी मुंबईले डॉक्टरी तपासणी करायले गेलो होतो. नाडी चांगली, डोळे चांगले, साखर नाही. डॉक्टर म्हणाले, "तब्येत तर कमावलेली आहे तुमची." मग छातीचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून त्यांनी दोनदा पाहिला आणि विचारलं, "पूर्वी काही झालं होतं का?" मी म्हणालो, नाही. मग आठवलं. दीक्षेच्या पुढच्या हिवाळ्यात मी पूर्ण थंडी खोकलत होतो, तू मले अळशीचा काढा द्यायची. आपण समजलो, राखेनं होते. तो टीबी होता म्हणे, त्याचा डाग अजून आहे तिथं.

काल दिल्लीच्या कॅनडा ऑफिसातून पत्र आलं. वस्तीची परवानगी नाही. उत्तरानं फोनवर त्याचा अर्थ सांगितला, की असा माणूस कायम राहायले आला तर पुढं तिथल्या सरकारी दवाखान्यावर त्याचा भार पडू शकते. ज्या कार्डाले मी वर्षभर नाही म्हणून राहिलो होतो, त्या कार्डानं मलेच नाही म्हटलं.

पहिले हसू आलं. मग सिंधूसमोर रडलो. पहिल्यांदाच रडलो तिच्यासमोर. ती म्हणाली, "एवढं मोठं सरकार, अन् एका बोटाएवढ्या डागाले भ्यालं."

पाहुणा म्हणून तीन महिने येता येते, जावयांनी हमी घेतली तर. त्यांनी घेतली. पाहुण्याले कार्ड नसते. उत्तरा म्हणाली, "बाबा, इथं यायचं तं आजारी पडायचं नाही, मी आताच सांगून ठेवते." मी काय ठरवून पडतो? पण घाबरलो आहे, हे तुले सांगतो. दमेकऱ्यासारखा रोज सकाळी छाती दाबून पाहतो. आतापर्यंत मले छाती आहे हेही ध्यानात नव्हतं.

सप्टेंबरात निघतो. सिंधूनं माझ्यासाठी लोकरीचं काहीतरी विणायले घेतलं आहे. एक बाही दुसरीपेक्षा लांब झाली आहे.

आनंदराव


इंदोरा, नागपूर
१७ जानेवारी १९८२

बायजा,

सप्रेम जयभीम.

असं नाव घेऊन कधी बोलावलं नाही. तिथं सारे तुले कोणत्या ना कोणत्या नावानं बोलावत होते, तेव्हा मीच एक परका वाटत होतो. म्हणून लिहिलं.

तीन महिने तिथं होतो. पण घर लहान, सारे घरात, तुझ्याशी दोन शब्द नीट झाले नाहीत. म्हणून जे तू स्वतः पाहिलं, तेच तुले लिहितो. माझ्या डोळ्यानं कसं दिसलं ते तुले माहीत नाही.

दसऱ्याचा दिवस मशीनचा होता. मी मनात म्हणून राहिलो होतो, पंचवीस वर्षांनी आजच्या दिवशी ही इथं दवाखान्यात. तू पांढरं लुगडं नेसून आली. युक्रेनच्या म्हातारीनं विचारलं, आज काय आहे? तू तिले सांगायले लागली. आय वॉज यंग. व्हेरी बिग ग्राउंड. तुले शब्द सापडेना, तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं. मलेही सापडला नाही. मग तू हात उंच केला, सुया नसलेला, आणि म्हणाली, "बिफोर, हेड डाउन. आफ्टर, हेड अप." मग म्हातारीनंही आपला हात वर केला. नर्स धावत आली, तिले वाटलं काहीतरी दुखलं. मैदानावर असतो तर मी भाषणं ऐकली असती आणि घरी आलो असतो. ते मले इतकं लागलं नसतं.

आणि डिसेंबरात आपण त्या विम्याच्या ऑफिसात गेलो होतो. कार्ड घरी येते, पण तुझ्या नावाचा घोळ होता म्हणून समक्ष बोलावलं. मले वाटत होतं, सरकारी ऑफिस म्हणजे गोऱ्या साहेबांची रांग असेल. बाकावर पाहतो तर सारे आपल्यासारखे. एक चिनी म्हातारा, त्याची मुलगी त्याच्या कानात बोलून राहिली होती. एक सरदारजी, काठी घेतलेला. एक बाई कुठली होती कोण जाणे, तिच्या डोक्याले काळा रुमाल होता आणि ती साऱ्यांना कागद दाखवून विचारत होती, बरोबर आहे ना, बरोबर आहे ना. कोणालेच तिची भाषा येत नव्हती, पण सारे मान हलवून हो म्हणत होते. मीही म्हटलं.

मग खिडकीतून आवाज आला, "मिसेस बाई!"

तू उठली. बायजा हे नाव आणि बाई हे आडनाव, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. मी उत्तराले म्हणालो, जा ना तिच्यासोबत. उत्तरा म्हणाली, "आई एकटीच बोलते बाबा, मले येऊ देत नाही."

मी मागे उभा राहून ऐकलं. ती पोरगी विचारत होती आणि तू सांगत होती.

"यू लिव्ह हिअर?"

"येस. आय लिव्ह हिअर."

"नॉट गोइंग बॅक?"

"नो."

पहिल्यांदा हे मी कागदावर वाचलं होतं, तेव्हा वाटलं होतं की कोणीतरी तुझा हात धरून लिहून घेतलं. इथं कोणी हात धरला नव्हता. तू काउंटरवर कोपर टेकवून उभी होती, जशी मिलमध्ये जॉबरसमोर, त्या मुकादमासमोर उभी राहायची. तिनं आडनाव दुरुस्त करू काय विचारलं, तर तू म्हणाली, नको, राहू दे, आता दवाखान्यात सारे मिसेस बाईच म्हणतात. ती पोरगी हसली. मग तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "अँड यू, सर?" मी तोंड उघडायच्या आत तू सांगितलं, "माय हजबंड. ही इज व्हिजिटर."

त्या शब्दानं मले टोचलं, ते तुले दिसलं असेल. बाहेर बर्फावर पाय सरकत होता, तू माझा दंड धरला. म्हणाली, "हळू. इथं पडायचं नाही. तुमच्याजवळ कार्ड नाही." आणि दोघंही हसत सुटलो. उत्तरा मोटारीत बसून हॉर्न वाजवून राहिली होती.

इथं आलो त्याले महिना होत आला. सिंधूनं फरशी बसवून घेतली, उतार बरोबर आहे. मी एकदाही कोराडीले गेलो नाही. पण बरं वाटते असंही नाही. सकाळी उठून बसतो आणि तिथं आता किती वाजले असतील ते मोजतो, मग दिवसभर तेच. परवा छातीचा नवा फोटो काढला. मेडिकलचे तेच डॉक्टर भेटले. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी धरले आणि म्हणाले, डाग तसूभरही वाढला नाही, मेलेला डाग आहे, तसं लिहून देतो, पुन्हा अर्ज करा. मानतील की नाही ते सांगता येत नाही. नाही मानले तर पाहुणा म्हणून येईन, दरवर्षी येईन. सिंधूले सांगून ठेवलं आहे, अर्धं वर्ष घर तुझं.

आता एकच राहिलं. निघायच्या दिवशी तुझी मशीनची पाळी होती, विमानतळावर तुले येता येत नव्हतं. म्हणून मी बॅग घेऊन दवाखान्यात आलो. नळ्यांत तुझं रक्त फिरत होतं. नर्स म्हणाली, हात हलवायचा नाही. तू सुटा हात पुढे केला आणि माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. एका हातानं लागेना, तरी मले लावू दिलं नाही. म्हणाली, "विमानात जेवून घेजा. लाजू नका, पैसे घेत नाहीत ते." मी म्हणालो, "पुढच्या दसऱ्याले येतो." तू म्हणाली, "या. मी असीन."

मी त्यावर काही बोललो नाही. उत्तरा उभी होती, नर्स उभी होती, म्हातारी पाहत होती. बॅग उचलली आणि निघालो. विमान वर गेल्यावर तोंडातून शब्द निघाला, मोठ्यानं निघाला. शेजारचा गोरा माणूस म्हणाला, पार्डन? त्याले काय सांगणार. तुले सांगतो.

मी म्हणालो होतो, राहजो.

आनंदराव